धीर देणारी पदे : ख्रिस्ती उपासनागीतांचे एक वाचन

'सांत्वन' आणि 'धीर' हे दोन शब्द आपण बोलताना पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरतो. पण त्यांची तोंडे वेगवेगळ्या दिशांना आहेत. सांत्वन घडून गेलेल्या दुःखाकडे पाहते, धीर उद्याच्या दिवसाकडे पाहतो. घरात कुणी गेल्यावर भेटीस येणारा माणूस सांत्वन करतो. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री उशाशी बसणारा धीर देतो. ख्रिस्ती उपासनागीतांविषयी मराठीत जे थोडेफार लिहिले गेले आहे, त्यात ही गीते 'सांत्वनपर' आहेत एवढे म्हणून त्यांची बोळवण केलेली दिसते. प्रस्तुत लेखातील मांडणी थोडी वेगळी आहे. या गीतांपैकी जी खरोखर टिकली ती सांत्वनाची नव्हेत, धीराची आहेत. आणि हा धीर त्यांच्या आशयातून जितका येतो तितकाच त्यांच्या बांधणीतून येतो. त्यानंतरचा प्रश्न अधिक अवघड आहे. ज्याने ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारलेली नाही अशा वाचकाला हा धीर प्रामाणिकपणे घेता येतो काय? की तसे करणे म्हणजे दुसऱ्याच्या देव्हाऱ्यातील समई उचलून आपल्या दिवाणखान्यात ठेवण्यासारखे आहे?

सुरतेत राहणाऱ्या मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. लंडन मिशनरी सोसायटीचे पाद्री या शहरात १८१५ साली आले, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर ते काम आयरिश प्रेस्बिटेरियन मिशनकडे गेले. बायबल गुजरातीत छापून काढण्याचा आरंभीचा उद्योग याच शहरात झाला. तेव्हा पाश्चात्त्य चालीवर देशी शब्द बसवण्याची धडपड आपल्या शहराने फार जवळून पाहिली आहे. मराठीत तर हे नाते याहूनही जुने आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेज्विटाने गोव्यात रचलेले 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, आणि त्यासाठी त्याने निवडलेले वृत्त ओवी हे होते. म्हणजे ख्रिस्ताची कथा मराठीत आली तीच ज्ञानेश्वरांच्या छंदाचे बोट धरून आली. पुढील तीनशे वर्षांत मराठी ख्रिस्ती गीताने जो मार्ग घेतला त्याची दिशा या निवडीत आधीच दिसते.

प्रथम इंग्रजीतील काही अभिजात गीते पाहू. इंग्लंडमधील ओल्नी या लहान गावात जॉन न्यूटन हा धर्मोपदेशक आणि विल्यम कूपर हा कवी यांनी मिळून केलेला गीतसंग्रह १७७९ साली प्रसिद्ध झाला. न्यूटनचे 'अमेझिंग ग्रेस' आज जगभर ठाऊक आहे. तो पूर्वी गुलामांच्या जहाजावरील कप्तान होता आणि १७८८ साली त्याने गुलामांच्या व्यापाराविरुद्ध पुस्तिका लिहिली, हेही अनेकांना ठाऊक असते. कूपरची कथा मात्र कमी सांगितली जाते, आणि आपल्या विषयासाठी तीच अधिक मोलाची आहे. ईश्वराच्या गूढ वाटांविषयीचे त्याचे प्रसिद्ध गीत १७७३ च्या सुमाराचे. त्याच वर्षी त्याला तीव्र मनोविकाराचा झटका आला आणि ईश्वराने आपला कायमचा त्याग केला आहे अशी त्याची समजूत झाली. ती समजूत १८०० साली त्याच्या मृत्यूपर्यंत पुरती सुटली नाही. ज्या गीताने असंख्य भयभीत माणसांना धीर दिला, ते गीत लिहिणाऱ्याला तो धीर उरलेल्या आयुष्यात लाभला नाही.

समीक्षेच्या दृष्टीने या घटनेचा अर्थ काय? गीतातील धीर हा कवीच्या मनःस्थितीचा पुरावा नव्हे. ती रचनेने उभी केलेली गोष्ट आहे. कूपरचे गीत 'घाबरू नका' असा उपदेश करून सुरू होत नाही. जे आपल्याला कळत नाही त्याची कबुली ते आधी देते. समुद्र, वादळ, ढग, खाण, कळी अशा प्रतिमांतून ते एकेक कडवे पुढे सरकते, आणि अखेरीस अर्थ लावण्याचे काम माणसाकडून काढून घेऊन ईश्वरावर सोपवते. भीती नाकारली जात नाही. तिला ठेवायला एक जागा मिळते. सुभाषित आणि गीत यांत फरक पडतो तो इथेच. सुभाषित निष्कर्ष हातात देते, गीत निष्कर्षापर्यंत चालवत नेते. चालण्यात वेळ जातो, आणि घाबरलेल्या माणसाला त्या क्षणी सर्वाधिक गरज असते ती असा वेळ सुसह्य करणाऱ्या सोबतीची.

याउलट चरित्रकथेचा अतिरेक गीताला कसा झाकोळतो याचे उदाहरण म्हणून होरेशिओ स्पॅफर्डचे नाव घेता येईल. नोव्हेंबर १८७३ मध्ये अटलांटिक महासागरात 'व्हिल द्यु हाव्र' ही बोट बुडून त्याच्या चार मुली गेल्या, आणि त्या दुःखातून त्याने आपले प्रसिद्ध गीत लिहिले. प्रार्थनासभांतून ही हकिगत इतक्या वेळा सांगितली जाते की ऐकणारा गीताआधीच गहिवरलेला असतो. हा गहिवर खरा असतो, पण तो गीताचा नसतो. फिलिप ब्लिसने दिलेली चाल आणि कडव्यामागून परत येणारे शांत पालुपद यांच्यामुळे हे गीत कथा ठाऊक नसणाऱ्यालाही सावरते. त्याचे खरे मूल्य तेवढेच, आणि ते थोडे नाही.

आता आपल्या प्रांताच्या अगदी जवळचे उदाहरण. जॉन हेन्री न्यूमनचे 'लीड काइंडली लाइट' हे गीत १८३३ सालच्या जूनमधले. सिसिलीत मोठ्या आजारातून उठून तो परत निघाला होता, आणि वारा पडल्यामुळे त्याचे जहाज सार्डिनिया व कॉर्सिका यांच्यामधील सामुद्रधुनीत अडकून पडले होते. न्यूमनने या गीताला पुढे दिलेल्या शीर्षकात मेघस्तंभाचा, म्हणजे वाळवंटात इस्रायली लोकांना वाट दाखवणाऱ्या ढगाचा, उल्लेख आहे. या गीताची मागणी विलक्षण मर्यादित आहे. गाणारा सगळा रस्ता दिसावा असे म्हणत नाही. पुढचे एक पाऊल टाकता यावे इतकाच उजेड मागतो. त्या मागणीच्या लहानपणात गीताचे सामर्थ्य आहे. महात्मा गांधींना हे गीत दक्षिण आफ्रिकेतील दिवसांपासून प्रिय होते, आणि त्यांना त्यात विशेष भावली ती हीच एका पावलाची कल्पना.

गांधीजींच्या इच्छेवरून नरसिंहराव दिवेटिया यांनी या गीताचे जे गुजराती रूप केले, ते 'प्रेमळ ज्योति' या नावाने गुजरातेत घरोघर पोहोचले. नरसिंहराव हे अहमदाबादेत १८७१ साली प्रार्थनासमाज स्थापन करणाऱ्या भोळानाथ साराभाईंचे पुत्र, आणि पुत्रशोकातून 'स्मरणसंहिता' लिहिणारे कवी. एकेश्वरी प्रार्थनेची घरची परंपरा आणि स्वतःचा शोक असे दोन्ही त्यांच्याजवळ होते. त्यांच्या अनुवादातील पहिलाच शब्द मराठी वाचकाने थांबून पाहावा असा आहे. 'प्रेमळ' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत सारखाच नांदतो, आणि दोन्हीकडे तो बहुधा आईला, आजीला, शेजारणीला लावला जातो. 'ज्योत' म्हटल्यावर आपल्या डोळ्यांपुढे येते ती देवघरातील समई. अंधाऱ्या समुद्रावरचा दूरचा उजेड नव्हे, की वाळवंटातील मेघस्तंभही नव्हे. म्हणजे अनुवादाने गीत घरात आणले. काही हरवलेही : समुद्राचा एकाकीपणा आणि इंग्रजी शीर्षकातील बायबलचा संदर्भ. पण दुःखी माणसाला जवळिकीतून मिळणारे बळ त्यामुळे वाढले. हा लाभ आणि ही हानी दोन्ही एकाच शब्दनिवडीत आहेत, आणि अनुवादाचे मूल्यमापन करताना दोहोंची नोंद व्हावयास हवी.

साबरमतीच्या आश्रमात हे सर्व गाऊन दाखवणारा आवाज मराठी होता, याची आठवण आपल्या मंडळींना असावी. विष्णू दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे हे आश्रमाचे संगीतगुरू, आणि 'आश्रम भजनावली'चे संकलन त्यांचे. त्या लहानशा पुस्तकात तुकोबा, नरसिंह मेहता, मीरा, सूरदास यांच्या शेजारी इंग्रजी ख्रिस्ती गीतेही बसली आहेत. १९३० च्या दांडीयात्रेत पंडितजी चालले. ती यात्रा एप्रिलच्या आरंभी सुरतेवरून गेली. आणि १९३८ साली हरिपुरा काँग्रेसच्या तयारीच्या काळात, याच सुरत जिल्ह्यात, त्यांचे निधन झाले. गुजरातेत आयुष्य वेचणाऱ्या मराठी माणसाने काय केले असे कुणी विचारले, तर ही भजनावली हे एक उत्तर आहे.

त्याच परंपरेतील आणखी एक प्रसंग. १९२४ साली दिल्लीत एकवीस दिवसांचे उपोषण गांधीजींनी ८ ऑक्टोबर रोजी सोडले, तेव्हा कुराणातील प्रार्थना झाली, चार्ल्स अँड्र्यूज यांनी आयझॅक वॉट्सचे वधस्तंभावरील गीत म्हटले, विनोबांनी उपनिषदातील वचने म्हटली आणि त्यांचे बंधू बाळकोबा यांनी 'वैष्णव जन' गायले. वॉट्सचे ते गीत १७०७ सालचे. वधस्तंभापुढे उभ्या राहिलेल्या माणसाला आपली सारी मिळकत कवडीमोल वाटू लागते, हा त्याचा विषय. हिंदु-मुसलमानांतील दंग्यांनी व्यथित होऊन केलेल्या उपोषणाच्या अखेरीस ते गाइले जाणे हे सांत्वन नव्हते. पुढे जे करावयाचे होते त्याची ती तयारी होती.

आता मराठीकडे वळू. रेव्हरंड नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांना आपण शालेय पुस्तकांतून 'फुलांमुलांचे कवी' म्हणून ओळखतो. पारध्याने घायाळ केलेल्या पक्षिणीवरील त्यांची कविता आपल्या आधीच्या पिढ्यांना मुखोद्गत होती. पण १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यानंतर त्यांनी रचलेली शंभरांहून अधिक उपासनागीते मात्र चर्चच्या भिंतींआड राहिली. मराठी चर्चमध्ये 'उपासना संगीत' हातात घेतलेला माणूस टिळकांना आजही गातो. बाहेरच्या वाङ्मयेतिहासात त्या गीतांना एखाददुसरे वाक्य मिळते. एकाच कवीचे हे असे दोन तुकडे पडणे हे आपल्या समीक्षेचे दैन्य आहे.

टिळकांच्या आधी मराठी ख्रिस्ती गीत नव्हते असे नाही. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनच्या परिसरात कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी पदे रचली, ख्रिस्ती कीर्तन उभे केले. परंतु पाश्चात्त्य चालींवर बेतलेल्या भाषांतरित गीतांची अडचण मोठी होती, आणि ती मूलतः छंदाची होती. इंग्रजी गीताचा रूढ छंद आठ-सहा-आठ-सहा अक्षरांचा असतो खरा, पण त्याचा प्राण आघातात आहे. बहुतेक चाली दुर्बळ मात्रेवर सुरू होऊन सबळ मात्रेवर उतरतात. 'प्रभू' हा शब्द त्या चालीत नीट बसतो; पण 'येशू' म्हटले की 'ये' दुर्बळ मात्रेवर घसरतो आणि 'शू'वर उगाच भार पडतो. देवाच्या नावाशीच जीभ अडखळत असेल, तर गाणाऱ्याला धीर कसा यावा? शब्द मराठी, पण श्वास परका, अशी ती अवस्था होती.

टिळकांनी अभंग घेतला. थोरल्या अभंगाची बांधणी सहा, सहा, सहा आणि चार अक्षरांची. दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत यमक जुळते आणि चौथा, आखूड चरण यमकाविना मोकळा राहतो. त्या आखूड चरणाशी एकट्या गाणाऱ्याचा श्वास संपतो आणि टाळकऱ्यांचा आवाज वर येतो. शिवाय धृपद प्रत्येक चौकानंतर परत येते. इंग्रजी गीत कडव्याकडव्याने युक्तिवाद पुढे नेते आणि अखेरीस मुक्कामाला पोहोचते. अभंग पुन्हापुन्हा त्याच उंबरठ्यावर येऊन उभा राहतो. धीराचे हे दोन निराळे प्रकार आहेत. एकात वाट सरल्याचे समाधान असते, दुसऱ्यात घर जागेवर असल्याचे. टिळकांना दुसरा प्रकार साधला, कारण तो त्यांच्या कानात लहानपणापासून होता. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत आलो असे ते म्हणत, त्याचा वाङ्मयीन अर्थ हाच. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणे, त्याच्यावर रुसणे, त्याच्यापाशी हट्ट धरणे हे सारे विठ्ठलाच्या अंगणातले आहे. निकोल मॅकनिकल यांनी टिळकांची काही गीते इंग्रजीत नेली तेव्हा आशय पोहोचला. हा हट्टाचा सूर मात्र इंग्रजीत पुरता उतरू शकला नाही.

या गीतांमागचे आयुष्य लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रां'त आहे. पतीने धर्म बदलल्यावर त्यांच्या वाट्याला आलेली वर्षांची ताटातूट, टिळकांचा तापटपणा, हातात आलेला पैसा दुसऱ्याला देऊन टाकण्याची त्यांची सवय, घरात पोटची नसलेली पोरे, प्लेग हे सारे त्यांनी हसतहसत सांगितले आहे. गीत आणि आत्मचरित्र शेजारी ठेवून वाचले की एक गोष्ट ध्यानात येते. टिळकांच्या गीतांतील शांती ही त्यांना लाभलेली वस्तू नव्हती. तिचा त्यांना रोज नव्याने शोध घ्यावा लागत होता. कूपरविषयी जे म्हटले तेच इथे, अधिक सौम्य रूपात, खरे ठरते.

टिळकांच्या गीतांवर तीन आक्षेप घेता येतात, आणि ते टाळून पुढे जाणे योग्य नव्हे. पहिला, गोडव्याचा. लडिवाळपणाची मात्रा कित्येक गीतांत अधिक होते आणि वधस्तंभाची कठोरता तिच्यात विरघळते. हा आक्षेप रास्त आहे. सलग वीस गीते वाचणाऱ्याला तो जाणवतोच. मात्र उपासनागीत वीस-वीस वाचण्यासाठी नसते, एका वेळी एक गाण्यासाठी असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. नगर जिल्ह्यातील खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत बहुसंख्य माणसे महार-मांग समाजांतून आलेली होती, आणि त्यांच्या ओठी आलेली गीते एका चित्पावन कवीची. त्यांचे दुःख त्यांच्याच शब्दांत आले असते तर ते निराळे आले असते, यात शंका नाही. तथापि हेही पाहिले पाहिजे की टिळकांनी संस्कृत वृत्तांवरील आपले प्रभुत्व बाजूस ठेवून ज्या छंदाकडे धाव घेतली, तो चोखामेळ्याचाही छंद होता. त्यामुळे आक्षेप मिटत नाही, पण गाणाऱ्यांना ही गीते सर्वस्वी परकी का वाटली नाहीत हे समजते.

तिसरा आक्षेप भक्तिगीतमात्रावर घेतला जातो : अशी गीते माणसाला सोसायला शिकवतात, बदलायला नव्हे. काही गीतांपुरते ते खरेच आहे. पण वॉट्सचे गीत १९२४ च्या उपोषणाच्या अखेरीस, न्यूमनचे गीत साबरमतीच्या प्रार्थनेत, आणि टिळकांची गीते गावोगावच्या कीर्तनांत गाइली गेली. हे गाणारे स्वस्थ बसणारे लोक नव्हते. न्यायासाठी उभे राहायचे तर आधी उभे राहता आले पाहिजे, आणि त्याआधीचा क्षण हे या गीतांचे क्षेत्र आहे. त्यांच्याकडून त्याहून अधिक मागू नये, आणि तेवढे श्रेय नाकारूही नये.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येऊ. श्रद्धा नसलेल्याने हा धीर घ्यावा काय? याचे एक उत्तर 'सर्व धर्म सारखेच' असे म्हणून झटकन देता येते. ते सोयीचे असले तरी बरोबर नाही. वॉट्सच्या गीतातून वधस्तंभ काढला तर उरते ती मोघम नम्रता. गीताचा सन्मान करायचा तर त्याचा दावा त्याच्याच शब्दांत ऐकून घेतला पाहिजे. तो आपल्याला मान्य नसेल तर तसे मनाशी म्हटले पाहिजे. आणि मगच पाहिले पाहिजे की आपल्यासाठी काय उरते. पुष्कळ उरते. न जाणण्याची कबुली उरते, लहान मागणीची शिकवण उरते, आणि कुणाशी तरी बोलत असल्याची ती द्वितीयपुरुषी हाक उरते. एकटा माणूस जेव्हा 'तू' म्हणतो तेव्हा, पलीकडे कोण आहे याविषयी त्याची समजूत काहीही असो, तो पूर्वीइतका एकटा राहत नाही.

स्वतः टिळकांनी या प्रश्नाचे उत्तर कृतीने दिले होते. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांसाठी. दोन वर्षांत त्यांचे निधन झाले आणि तो प्रयोग अपुरा राहिला. 'ख्रिस्तायन'ही अपुरे राहिले, ते पुढे लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पण दार उघडे ठेवण्याची त्यांची वृत्ती गीतांत शिल्लक आहे. आपला विश्वास पातळ न करता त्यांनी दुसऱ्याला आत बोलावले. आपणही आपला विश्वास, वा अविश्वास, न लपवता आत जाऊ शकतो.

या संदर्भात अलीकडची एक घटना नोंदवावीशी वाटते. दिल्लीतील २९ जानेवारीच्या 'बीटिंग रिट्रीट' समारंभात हेन्री लाइटच्या 'अबाइड विथ मी' या संध्यागीताची धून अनेक दशके वाजत असे. हेही गांधीजींच्या आवडीचे गीत. २०२२ साली ते कार्यक्रमातून वगळून त्या जागी 'ऐ मेरे वतन के लोगो' घेण्यात आले. त्यावर दोन्ही बाजूंनी पुष्कळ वाद झाला, आणि तो बहुतांशी गीत कुणाचे या मुद्द्यावर झाला. गीत काय करते याविषयी फारसे कुणी बोलले नाही. डेव्हनच्या किनाऱ्यावरील कोळ्यांच्या गावात आयुष्य घालवलेल्या एका आजारी धर्मोपदेशकाचे हे गीत १८४७ साली, त्याच्या अखेरच्या वर्षी, पुढे आले. दिवस मावळताना कुणीतरी सोबत राहावे एवढीच त्याची मागणी आहे. ही मागणी इंग्रज नाही. करुणाष्टके म्हणत तिन्हीसांजेला दिवा लावणाऱ्या आपल्या आज्यांना ती सहज समजली असती.

सुरतेतील आपल्या मराठी घरांत भजनी मंडळे आहेत, हरिपाठ आहे, गणेशोत्सवातील आरत्या आहेत. त्यांच्या शेजारी 'उपासना संगीता'तील टिळकांची दहाबारा गीते आणि 'अभंगांजली'तील काही अभंग वाचले जावेत, शक्य तर गाइले जावेत, असे सुचवावेसे वाटते. ते धार्मिक सौजन्य म्हणून नव्हे, तर आपल्याच भाषेतील, आपल्याच छंदातील एक दालन आपण शंभर वर्षे बंद ठेवले आहे म्हणून. निवड करताना फार गोड गीते बाजूस ठेवावीत. ज्यांत कवी अडखळतो, भांडतो आणि तरीही धृपदाशी परत येतो ती घ्यावीत. ज्यांच्या घरी आजारपण आहे, ज्यांची मुले दूर गेली आहेत, त्यांना त्यांतून काय मिळते ते त्यांनीच पाहावे.